मदत हवी आहे: हयातीचा दाखला आणि दहा मिनिटांची साक्ष

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याचे, चरईत राहतो. हे 67, मी 64. जूनपासून वर्षभर नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगवर सेवेला जातोय. पगार नाही, खोली आणि जेवण आहे. मी निवृत्त नर्स, मुलांची दुखणीखुपणी बघेन. हे गणित शिकवणार आणि हिशेब लिहिणार.

तयारी कशी चाललीय ते आधी ऐका. ह्यांच्या गोळ्यांसाठी सात खणांचा डबा आणला, तर ह्यांनी त्याचंच कॅलेंडर केलं. मागच्या आठवड्यात भरताना शनिवारचा खण माझ्याकडून राहिला. शनिवारी सकाळी ह्यांनी डबा उघडला. शनिवार रिकामा, म्हणजे आज रविवार! रविवारच्या गोळ्या घेतल्या, इस्त्रीचा शर्ट चढवला, बायबल काखोटीला मारलं आणि उपासनेला निघाले. मी अंघोळीला. अर्ध्या तासात परत. "अगं, गेटला कुलूप. पाळकसाहेबांना बरं नाही का?"

खोपटला एसटीची चौकशी केली. ह्यांना 65 च्या वर म्हणून अर्धं तिकीट, मला 2023 पासून बाई म्हणून अर्धं. म्हणजे दोघं मिळून एक माणूस झालो.

आता अडचण. ह्यांची ईपीएफची (भविष्य निर्वाह निधीची) पेन्शन आहे, ती चालू राहायला दरवर्षी हयातीचा, म्हणजे जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या नोव्हेंबरात दाखल्यासाठी मशीनवर अंगठा लावला, चार वेळा जुळला नाही. ठाणे-बेलापूर रोडवर केमिकल कंपनीत जन्म गेला, बोटांच्या रेषा कुठून राहणार? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही येत नाही आहात." हे म्हणाले, "अरे, तासभर तुझ्यासमोर उभा आहे!" यंदा नोव्हेंबरात आम्ही खेड्यात असू. काय करावं?

दुसरं, मेच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये आमचा निरोप आहे. मला दहा मिनिटं साक्ष द्यायचीय, म्हणजे देवाने आम्हाला कसं चालवलं ते सगळ्यांसमोर सांगायचंय. जो तो "या वयात?" म्हणतो आणि चेहरा असा करतो की आम्ही अतिदक्षता विभागात चाललोय. मला हसत बोलायचंय, पण ह्यांची टिंगल व्हायला नको. चर्चमध्ये हे शोभेल का?

प्रतिसाद: कळवेकर
काकू, अंगठा सोडा. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या, चेहऱ्यावरून दाखला होतो. आधार नंबर आणि पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर) जवळ ठेवा. ईपीएफवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. कधीही द्या, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. निघायच्या आधीच करून टाका. आणि काकांना म्हणावं, तोंडावर उजेड घ्या, खिडकीकडे पाठ नको.

प्रतिसाद: वाशीची मावशी
शोभेल का म्हणजे काय! बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 18 वा अध्याय काढा. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा तंबूच्या दारामागे हसली, वर मी हसलेच नाही म्हणाली. मुलाचं नाव इसहाक, त्याचा अर्थच हसणं. आणि देवाच्या सांगण्यावरून हारान गाव सोडलं तेव्हा साराचा नवरा अब्राहाम 75 चा होता. सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे 65. तुम्ही तर तिच्याहून वर्षाने लहान आहात. टिंगलीचं म्हणाल तर आधी स्वतःवर दोन विनोद करा, मग नवऱ्यावर एक. आणि शनिवारचा किस्सा त्यांना विचारून घ्या.

प्रतिसाद: धागाकर्ती
मावशी, विचारलं. हे म्हणाले, "सांग, पण खण तू विसरलीस हेही सांग." रास्त आहे.

कळवेकर, काल दाखला झाला! ॲप म्हणालं, डोळ्यांची उघडझाप करा. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी डोळे चोळू नका, चोळू नका म्हणत असते, त्यामुळे हे डोळे ताणून पुतळ्यासारखे बसले. शेवटी मी कानाशी टाळी वाजवली, तेव्हा पापणी लवली. एकदाचे हे पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत हयात आहेत. लगेच मला विचारतात, "तुझा दाखला कुठाय?" मला पेन्शनच नाही, तर मी जिवंत आहे की नाही हे आजवर कुणी विचारलेलंच नाही. साक्षीची सुरुवात इथूनच करते.