‘समतोल’ लेखन म्हणजे निम्मं-निम्मं लेखन का?

प्रश्न (देवगड) :
आम्ही काहीजण विकिपीडियासाठी विजयदुर्गाची माहिती नीट करायला बसलो आहोत. हेलियमवर येऊन अडलंय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असं इकडे सगळे सांगतात. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. आमच्यातला एकजण म्हणतो, हे चूक आहे, काढून टाका. दुसरा म्हणतो, लेख समतोल हवा, दोन्ही बाजू सारख्याच द्या. इथे ‘समतोल’चा अर्थ काय घ्यायचा? आणि वर्तमानपत्रांची कात्रणं ‘विश्वसनीय’ धरायची का?

प्रतिसाद (रत्नागिरी) :
‘समतोल’ म्हटलं की दोन्ही पारडी सारखी, हा व्यवहारातला अर्थ. ज्ञानकोशात तोच घोटाळा करतो. विकिपीडियाच्या नियमाला मराठीत ‘तटस्थ दृष्टिकोन’ म्हणतात. कुठल्या मताला किती जागा द्यायची, हे विश्वसनीय संदर्भांत त्या मताला किती आधार आहे त्यावरून ठरतं. आधार नसलेल्या मताला अर्धा परिच्छेद देणं याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : झुकतं माप.

तुमच्या प्रकरणात आधार कुठे आहे ते बघा. १८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण पाहायला गुंटूरला होते. लॉकयर तेव्हा इंग्लंडात. ज्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम ओळखला गेला, ती सूर्याच्या वर्णपटातली रेषा त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. पृथ्वीवरचा हेलियम १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना मिळाला. यावर अभ्यासकांत दोन तट नाहीत, मग लेखात तरी कुठून आणायचे?

लॉकयर विजयदुर्गला आले होते, हे मात्र खरं आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांचा तळ तिथे होता आणि इंग्रजी आरमाराच्या मेल्पोमीनी जहाजावरची माणसं मदतीला होती. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं लोकांच्या सांगण्यात एक झाली असावीत, असं मला वाटतं. पण हे वाक्य लेखात घालायचं नाही. ते माझ्या पदरचं आहे. नियमात त्याला ‘मूळ संशोधन’ असं भारदस्त नाव आहे, पण नवीन माणसाला ‘पदरचं घालू नका’ म्हटलं की लगेच कळतं. ओटे १८९८ चेच असणार, हा तर्कही त्यातलाच. तसं स्पष्ट सांगणारा संदर्भ मिळेपर्यंत तो लेखाच्या चर्चापानावरच, म्हणजे संपादक आपसात बोलतात त्या पानावरच, राहू दे.

प्रतिसाद (मालवण) :
कात्रणांबद्दल. ‘विश्वसनीय’ आणि ‘प्रसिद्ध’ यांत गल्लत होते. वर्तमानपत्र एका गोष्टीला भक्कम संदर्भ असतं, दुसरीला नसतं. किल्ल्यावर अमुक दिवशी कार्यक्रम झाला, यासाठी बातमी पुरेशी. दीडशे वर्षांपूर्वी दुर्बीण कुठे लावली होती, यासाठी नाही. दहा बातम्या एकाच पत्रकावरून उतरवलेल्या असतील तर तो एकच स्रोत. कधी बातमीदार विकिपीडियावरून उतरवतो आणि मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून चिकटते. माझी आजी कुठलीही बातमी ऐकली की आधी विचारायची, ‘ह्यां खयसून इलां?’ प्रत्येक कात्रणाला तेवढंच विचारा.

आणखी एक, जुन्या इंग्रजी लेखांत किल्ल्याचं नाव ‘विझियाद्रुग’ असं लिहिलेलं सापडतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर ते कागद हाती लागत नाहीत.

प्रतिसाद (राजापूर) :
क्रियापदांकडेही लक्ष द्या. माप तिथेच झुकतं. एकाने ‘सांगितले’ आणि दुसऱ्याने ‘दावा केला’ लिहिलं की वाचणाऱ्याला बाजू कळलीच. ‘उघड केले’, ‘मान्य केले’ हे तर निकाल देणारे शब्द. आमच्याकडे बारसूच्या रिफायनरीबद्दल लिहिताना हा अनुभव रोजचा : एकाच माणसाला कुणी ‘आंदोलक’ लिहितं, कुणी ‘विकासविरोधक’. मी तरी तो माणूस काय करत होता तेवढंच लिहितो, ‘माती परीक्षणाला विरोध करणारे ग्रामस्थ’ वगैरे. लांब होतं, पण खरं राहतं. ‘असे म्हटले जाते’ हे तर टाळाच. कोण म्हणतं ते लिहिता येत नसेल तर शेजारी ‘संदर्भ हवा’ची पाटी लागणार, आणि लागायलाच हवी.

प्रश्नकर्ता (देवगड) :
म्हणजे काढूनही टाकायचं नाही?

प्रतिसाद (रत्नागिरी) :
नाही. गावात असं सांगतात, तिथे तो दिवस पाळतात, हीसुद्धा विजयदुर्गाबद्दलची खरी माहिती आहे आणि तिला बातम्यांचा आधार आहे. ती किल्ल्याच्या लेखात दोन-तीन वाक्यांत द्या. हेलियमच्या लेखात तिला जागा नाही. किल्ल्याच्या लेखात साधारण असं चालेल : ‘लॉकयर यांनी १८६८ मध्ये येथून हेलियमचा शोध लावला, अशी स्थानिक समजूत आहे. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते १८९८ च्या ग्रहणासाठी आले होते.’ प्रत्येक वाक्याला वेगळा संदर्भ जोडा.

प्रतिसाद (मालवण) :
‘समजूत’ ऐवजी ‘दंतकथा’ का नको?

प्रतिसाद (रत्नागिरी) :
दंतकथेत खोटेपणाचा वास येतो, आणि ही तर ताज्या काळातली गोष्ट, लॉकयर तिथे प्रत्यक्ष येऊन गेलेले. ‘आख्यायिका’ देव-राजांना शोभते. ‘समजूत’मध्ये लोक असं मानतात एवढंच येतं, बरोबर की चूक ते पुढचं वाक्य सांगतं. ‘गैरसमज’ही लिहू नका, नाहीतर गावातलं कुणीतरी संध्याकाळपर्यंत संपादन उलटवेल आणि त्याची बाजूही ऐकावी लागेल.