ईसे आणि ह्यूगा: मागच्या डेकवर विमानं उतरायची कशी?

दर्यावर्दी७: दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या ईसे बॅटलशिपचे (मोठ्या तोफांची युद्धनौका) फोटो बघत होतो, ह्यूगा तिची जुळी बहीण. पुढून नेहमीसारखीच, तोफांचे टरेट (फिरते बुरूज), तो पॅगोडासारखा उंच मास्ट, आणि मागे एकदम सपाट डेक. पण तो इतका आखूड की विमान उतरणार कसं? आणि असलं अर्धंमुर्धं जहाज केलं कशासाठी?

जुनी_होडी: उतरायचीच नाहीत, तेच तर! डेक जेमतेम 70 मीटरचा, उडायला पण कॅटापल्ट, म्हणजे विमान जोरात पुढे फेकणारं यंत्र, लागायचा. 22 विमानं ठेवायची योजना होती, त्यात झुइउन सीप्लेन पाण्यावर उतरणार आणि क्रेनने वर घेता येणार, पण सुइसेई बॉम्बर चाकांचं, ते एकदा उडालं की दुसऱ्या कॅरियरवर (विमानवाहू जहाजावर) नाहीतर जमिनीवरच्या धावपट्टीवरच जायचं. हे सगळं मिडवेच्या लढाईमुळे झालं, जून 1942 मध्ये जपानच्या चार कॅरियर एकाच लढाईत गेल्या आणि नवीन बांधायला वेळ कुठे होता, ईसेला पूर्ण कॅरियर करायचं तरी खूप महिने गेले असते, म्हणून फक्त मागचे दोन टरेट काढले. ह्यूगाचा पाचवा टरेट तर मे 1942 मध्येच सरावात फुटला होता, 51 जण गेले बिचारे.

दर्यावर्दी७: म्हणजे 12 तोफांच्या 8 राहिल्या. मग त्या विमानांनी लढाईत केलं काय?

खारा_वारा: या जहाजांवरून? काहीच नाही हो. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांची विमानं फोर्मोसाच्या (आताचं तैवान) लढाईला पाठवली आणि फिलिपिन्समधल्या लेयतेच्या लढाईला दोघी रिकाम्या डेकने गेल्या, अमेरिकनांना भुलवायला पाठवलेल्या ॲडमिरल ओझावांच्या आमिष ताफ्यात. 25 तारखेला अमेरिकन विमानांनी दिवसभर झोडपलं, ताफ्यातल्या चार कॅरियर बुडाल्या, या दोघी मात्र वळणं घेत, विमानविरोधी तोफांचा मारा करत वाचल्या. कप्तानांचं कौतुक व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

जुनी_होडी: आणि फेब्रुवारी 1945 विसरू नका, माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम तेच. सिंगापूरहून विमानाच्या पेट्रोलची पिंपं, रबर, कथील भरून 20 तारखेला जपानमधल्या कुरे बंदरात पोचल्या, वाटेत पाणबुड्या टपून होत्या तरी एकही टॉर्पेडो लागला नाही. पण पुढे जहाजांनाच तेल उरलं नाही, कुरेजवळच उभ्या राहिल्या आणि जुलै 1945 च्या हल्ल्यांत उथळ पाण्यात तळाला टेकल्या.

दर्यावर्दी७: आणि ते कॅटापल्ट?

खारा_वारा: लेयतेनंतर काढून टाकले. मधल्या टरेटना वळायला अडचण व्हायची त्यांची.