आलूपोंगा पाकिटात विकावा का?

आर्वीकडची: आमच्या बचत गटात वाद चाललाय. एका कप्प्यात तळलेले पोंगे (पोकळ, कुरकुरीत नळ्या), दुसऱ्यात आलूची भाजी, तिसऱ्यात चटणी असं पाकीट काढायचंय. खाणाऱ्यानं फोडून स्वतः भरून घ्यायचं. काही जणींना हा फुकटचा खर्च वाटतो; मला गरजेचा वाटतो. भरलेला पोंगा बघता बघता सादळतो, म्हणून तो गाडीसमोर उभं राहूनच खावा लागतो. जपानात ओनिगिरी म्हणून भाताचा गोळा पाकिटात मिळतो, त्याचा भात आणि वरचं नोरी शेवाळ यांच्यामध्ये फिल्म असते. खाताना ती ओढली की मगच दोन्ही एकमेकांना लागतात, शेवाळ कुरकुरीत राहतं. एसटीत बसलेल्या माणसाला आपला पोंगा तसा का मिळू नये?

आर्णीवाला: ताई, दहा रुपयाच्या पोंग्याले तीन कप्प्याचं प्लास्टिक? थराथराचा पुडा भंगारवालाही घेत नाही. तो नालीत जाते, नाही तं गाय खाते. माह्या कपाशीच्या धुऱ्यावर पाहा, पुडेच पुडे. गाडीवाला डोयासमोर भरून देते, तेच बरं हाये.

खाद्यतंत्र: मला भाजीची काळजी जास्त आहे. कप्पा वेगळा केल्यानं पोंगा वाचतो, भाजी नाही. उकडलेला बटाटा ओला असतो, आंबटपणाही कमी. हवाबंद करून मे महिन्याच्या 45 अंशांत ठेवला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष करणाऱ्या जंतूला आयतं घर मिळतं, आणि ते वासावरून दरवेळी कळत नाही. नुसत्या सीलिंग मशीननं जंतू मरत नाहीत. त्यासाठी रिटॉर्ट लागतो, म्हणजे दाबाखाली साधारण 121 अंशांची उष्णता. गटानं या फंदात पडू नये.

आर्वीकडची: भाजीचं पटलं. मग वाळवलेल्या आलूचा चुरा आणि कोरडा मसाला देऊ, गरम पाण्यात कालवायचा. पण भाऊ, आमच्या गावात पोंग्याची गाडी फक्त बाजाराच्या दिवशी येते. एरवी पोरं कंपनीचे पुडेच घेतात ना? धुऱ्यावर येतात ते तेच. त्यातले चार पैसे आमच्या बायांना मिळाले तर वाईट काय?

आर्णीवाला: वाईट काईच नाही. पन मंग रिकामा पुडा आनून देईन त्याले रुपया सोडा. अन् मसाल्याले पयसाच्या पानाची पुडी करा.

खाद्यतंत्र: पान ओलावा अडवत नाही, पावसाळ्यात मसाल्याचा गोळा होईल. आलूचा चुरा आणि मसाला, दोन्हींच्या कोऱ्या कागदाच्या पुड्या पोंग्यांच्याच थैलीत टाका. सगळं कोरडं असल्यावर कप्पे कशाला? वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, शाई उतरते.

आर्वीकडची: एकाच थैलीत? हे गटापुढे ठेवते. रुपया परत द्यायचंही.