पहिला पॅच: कोडपेक्षा मेल जड
लिनक्स कर्नलला (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवताना नवख्यांना प्रश्न पडतो: नुसती स्पेस-टॅबची चूक सुधारून पाठवली तर हसतील का? नाही हसत. लिनक्स कर्नलमधला माझा पहिला पॅच एका ओळीचाच होता. स्टेजिंगमधल्या (अजून पक्क्या न झालेल्या कोडचा कर्नलमधला विभाग) एका ड्रायव्हरमध्ये टॅबऐवजी आठ स्पेस पडल्या होत्या. कोडची मांडणी तपासणाऱ्या चेकपॅच स्क्रिप्टने दाखवलं, मी बदललं, पाच मिनिटांत काम फत्ते.

पुढचे दोन दिवस गेले मेल पाठवण्यात! गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) तिथे चालत नाही, पॅच साध्या मजकुराच्या मेलमधूनच जातो. मी ब्राउझरमधून चिकटवला आणि टॅबच्या परत स्पेस झाल्या. म्हणजे जे निस्तरायला गेलो तेच पुन्हा. शेवटी गिट सेंड-ईमेल बसवलं; गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि ही त्यातली पॅच थेट मेल करायची कमांड. आधी स्वतःलाच पाठवून बघा. पुढे कोणाला पाठवायचा, म्हणजे कोडचा तो भाग कोण सांभाळतं, ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ विसरू नका; कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे याची ती सही, २००४ पासूनची प्रथा.

पॅचला उत्तर आलं एका वाक्याचं: विषयाची ओळ नीट लिहा. नमस्कार-चमत्कार काही नाही. जरा लागलं, पण तिथे सगळ्यांशी तसंच बोलतात. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या (---) रेघेखाली लिहा, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. आणि उत्तर नाही आलं तर आठवडाभर तरी थांबा.