अनुभव धागा : हापूसच्या हद्दीबाहेरचे आंबे

पाऊस लागला, अढी रिकामी झाली, आता आंब्यावर शांतपणे बोलता येईल. ऐन हंगामात या विषयावर कोणी कोणाचं ऐकून घेत नाही.

आपला माणूस बाहेरदेशी आंबा खातो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "बरा आहे, पण हापूसची सर नाही." ते वाक्य सगळ्यांनी म्हटलंय असं धरून चालू आणि पुढचं लिहू. आशियात फिरताना, राहताना, नोकरीपायी अडकलेले असताना कुठला आंबा खाल्लात? तिथले लोक त्याचं काय काय करतात? देवगड की रत्नागिरी हा वाद इथे नको, त्याला भरपूर धागे पडून आहेत.

सुरुवात मीच करतो. कामानिमित्त बँकॉकला जाणं-येणं असतं आणि जमेल तेव्हा मी ते एप्रिल-मेमध्ये बसवतो. घरच्यांना कळत नाही की इथल्या उन्हाळ्यातून उठून हा तिथल्या उकाड्यात कशाला जातो. कारण एकच, खाओ निआओ मामुआंग. चिकट भात, नारळाचा रस आणि आंबा. नुसतं ऐकून मला काही विशेष वाटलं नव्हतं. आपल्याकडे नारळीभात आहे, आमरस आहे, दोन्ही एका ताटात आले तर येऊ देत, इतकंच.

फरक मिठाने पडतो. भिजवलेला चिकट तांदूळ बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या घट्ट रसात कालवून झाकून ठेवतात. भात सगळा रस पिऊन घेतो आणि दाण्याला तकाकी येते. वाढताना वरून पुन्हा थोडा रस घालतात, तो चक्क खारट असतो. त्यावर तळलेली कुरकुरीत मूगडाळ. आंबा शेजारी नुसता कापून, त्याला ना शिजवलेलं ना आटवलेलं. आधी खारट लागतं, मग नारळ येतो, आणि त्यामागून आंबा येतो तो नुसत्या आंब्यापेक्षा गोड लागतो.

आंबा बहुधा नाम डोक माई. लांबुडका, टोकाला निमुळता, फिकट पिवळा, रेषा जवळजवळ नाहीच. वास हापूसच्या निम्माही नाही, आणि माझ्या मते म्हणूनच हा पदार्थ जमतो. घरी हापूस घालून केला तेव्हा नारळ कुठे गेला ते कळलं नाही. हापूसला शेजार सहन होत नाही. जुनी बँकॉककर मंडळी मात्र नाम डोक माईलाही नाक मुरडतात. त्यांच्या मते खरा जोडीदार ओक रोंग, जो आकाराने लहान, थोडा रेषाळ आणि भयंकर गोड असतो. म्हणजे देवगड-रत्नागिरी तिथेही आहेच.

२०२२च्या एप्रिलमध्ये मिली या थाई रॅपरने कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात, मंचावर हा भात खाल्ला. त्यानंतर थायलंडमध्ये त्याला एवढी मागणी आली की दुकानदारांचे हात पुरेनात. आपल्याकडे आमरसाच्या नशिबी हे कधी येणार?

आता तुम्ही, खाली प्रतिसादात लिहा.

कैरीमीठ

पिकलेल्यावरच थांबलात? बँकॉकच्या फुटपाथवर हिरवा आंबा विकतात, खिआओ सवोई. हा कच्चाच खायचा, आपल्या कैरीएवढा आंबट नाही, करकरीत आणि किंचित गोडसर. सोबत नाम प्ला वान, म्हणजे ताडगूळ आणि माशाचा खारट रस आटवून केलेलं घट्ट चाटण, त्यात चिरलेले छोटे कांदे, मिरची आणि सुकी कोळंबी. शाकाहारी मंडळींनी नुसतं तिखट-मीठ-साखर मागावं, तेही मिळतं.

व्हिएतनाममध्ये हेच, पण मीठ-मिरचीत वाळवलेली कोळंबी कुटून घातलेली. सायगॉनला हातगाडीवरची बाई सुरीने सपासप फोडी पाडते आणि मिठाची पुडी देते. आपल्या शाळेबाहेरचीच गाडी, सुकट घालून.

पेरूगेटवाली

तैवान. नवऱ्याची नोकरी दक्षिणेत, तैनानला होती. तिथून युजिंग जवळ आहे आणि युजिंग म्हणजे तिथलं आंब्याचं गाव. जून-जुलैत बाजार लालभडक होतो. हो, लाल! तिथला आयवेन आंबा बाहेरून सफरचंदासारखा दिसतो आणि मला आधी तो खोटाच वाटला. आत केशरी, रसाळ, रेषा नाहीत, गोडीला थोडी आंबट धार.

तो खातात बर्फावर. तैपेईत योंगकांग रस्त्यावर पर्यटकांच्या रांगा लागतात तो हाच प्रकार : डोंगराएवढा बर्फाचा कीस, त्यावर आंब्याच्या फोडी, आंब्याचाच पाक, कंडेन्स्ड मिल्क, शिवाय आंब्याच्या आइस्क्रीमचा गोळा. काही ठिकाणी दूधच गोठवून किसतात, तो कीस पदराच्या घड्यांसारखा पडतो. मला साधा पाण्याचा बर्फच आवडला, दुधाने आंबा मंदावतो. युजिंगला तर फोडी इतक्या घालतात की बर्फ शोधावा लागतो. आणखी एक गोष्ट आवडली. झाडावरची जास्तीची बाळकैरी उतरवून ती साखरेत मुरवतात आणि गोठवून खातात. काही वाया जाऊ देत नाहीत.

आता खरी गंमत. आयवेन म्हणजे फ्लोरिडाचा आयर्विन, तैवानमध्ये तो १९५४ साली आला. त्याआधी तिथे डच लोकांनी सतराव्या शतकात आणलेला छोटा, हिरवा, रेषाळ आंबा होता, तो अजूनही मिळतो आणि वासाला आयवेनपेक्षा उजवा आहे. पण आयर्विनची वंशावळ पाहा. त्याची आई लिपेन्स, तिची आई हेडन आणि हेडन हे मुलगोबाचं रोप. मुलगोबा हा आपल्या दक्षिणेतला आंबा, १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातून कलमं मागवली त्यात गेलेला. ती कलमं पाठवणारे होते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक मार्शल वुड्रो! त्यातलं मुलगोबाचं एक झाड १८९४-९५च्या कडाक्याच्या थंडीतही फ्लोरिडात तगलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. हे कळल्यापासून मी तैवानी मैत्रिणींना सांगत सुटले की तुमच्या आंब्याचं मूळ आमच्या पुण्यातून गेलंय. त्या म्हणाल्या, "मग तुमच्याकडे असा बर्फ का नाही?" पुण्याकडे याला उत्तर नाही.

ओसाकाकर

पेरूगेटवालीताई, तुमच्या वंशावळीत पुढची पिढी घाला. जपानच्या मियाझाकीत हरितगृहात पिकतो तोही आयर्विनच. प्रत्येक फळाला जाळी बांधतात. तोडत नाहीत, पिकून आपोआप जाळीत पडलं तरच घेतात. त्यातलं ३५० ग्रॅमच्या वरचं, गोडीच्या मापात १५ अंशांच्या वरचं आणि रंगाला निर्दोष तेवढं 'ताइयो नो तामागो' या नावाने विकतात. २०१९च्या पहिल्या लिलावात एका जोडीला पाच लाख येन आले. आम्ही खाल्ला तो अर्थात त्या जोडीतला नव्हे, ऑफिसमध्ये कोणाला तरी भेट आलेला, आणि वाटणीला आली एक फोड.

धागाकर्ता

कसा होता ते सांगा की!

ओसाकाकर

उत्तम. लोण्यासारखा. पण फोडीचा भाव डोक्यात असला की चव नीट घेता येत नाही.

सांदण

हाँगकाँग : आंब्याचं पुडिंग डिमसमच्या, म्हणजे छोट्या छोट्या वाफवलेल्या पदार्थांच्या जेवणाच्या शेवटी येतं, वर बिनसाखरेचं आटवलेलं दूध ओतून. बऱ्याच ठिकाणी ते पावडरीचं असतं, सोडून द्या. त्यापेक्षा यांग जी गान लू मागवा. आंब्याचा थंड रस, नारळाचं दूध, साबुदाणा आणि वरून पपनसाच्या सुट्या केलेल्या पाकळ्या. तो पपनसाचा किंचित कडू फुटाणा दाताखाली आला की गोडाचा कंटाळा येत नाही. पपनस आपल्याकडे गणपतीत मिळतं आणि आंबा तेव्हा संपलेला असतो, नाहीतर घरी सोपा आहे.

वाळवंटातली मी

दुबईत हापूस विमानाने येतो आणि आपण मराठी मंडळी महाग म्हणत म्हणत घेतोच. तो संपला की जुलैत पाकिस्तानी दुकानांत चौसा येतो. आमच्या इमारतीतली मुलतानची काकू बादलीत बर्फाचं पाणी घालून त्यात आंबे तासभर बुडवून ठेवते. मग कापाकापी नाही. हाताने मऊ करायचा, देठाकडून चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. माझ्या आजोळी रायवळ असाच खात. चौश्याला हापूसचा वास नाही, पण गोडी अशी की दुसरा खायच्या आधी पाणी प्यावं लागतं. सिंधडी जूनमध्ये येतो, तो मला बेताचाच वाटला.

या पाकिस्तानी आंब्याची एक अजब गोष्ट. १९६८च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओला आंबे भेट दिले. त्याने स्वतः न खाता ते बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात ठाण मांडलेल्या कामगारांच्या तुकड्यांना पाठवले. उत्तर चीनमध्ये तोवर फारसा कोणी आंबा पाहिलाच नव्हता. झालं, आंब्याचं देव्हाऱ्यात बसवणं सुरू! कारखान्यांमध्ये एकेक आंबा गेला, मेणाचे आंबे काचेच्या पेट्यांत घालून मिरवले गेले. एका कारखान्यात आंबा सडायला लागला तेव्हा तो पातेलंभर पाण्यात उकळून प्रत्येक कामगाराला चमचा चमचा तीर्थ दिलं. काकूला सांगितलं तर तिला माओचं काही वाटलं नाही. "उकळला?" एवढंच म्हणाली.

दर्यावर्दी

जहाजावर निम्मे सहकारी फिलिपिनो, त्यामुळे काराबाओ आंब्याची स्तुती ऐकून कान किटले होते. मग फिलिपिन्समधल्या इलोइलोहून छोट्या बोटीने गिमारास बेटावर गेलो. तिथे बाहेरचा आंबा नेऊच देत नाहीत, कीड येऊ नये म्हणून. आपल्या कोकणात असा नियम केला तर कर्नाटकी आंबा हापूस म्हणून विकणाऱ्यांचं काय होईल, असं तेव्हा मनात आलं.

आंबा पिवळाधमक, पातळ कोयीचा, वास मंद. दोन्ही गाल कापून त्यावर चौकटी पाडतात आणि साल उलटी करून खातात. घरगुती गोड म्हणजे मँगो फ्लोट : ग्रॅहम बिस्किटं, क्रीममध्ये कालवलेलं कंडेन्स्ड मिल्क आणि आंब्याचे काप यांचे थर लावून फ्रीजमध्ये. प्रत्येक नाताळात, प्रत्येक वाढदिवसाला. गोड फार. मला त्यांची कैरी जास्त आवडली, बागूंगबरोबर. बागूंग म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची खारट चटणी. मालवणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जावाई

(जावा बेटावर राहतो, म्हणून ही आयडी.) इथे आंबा दिवाळीच्या सुमाराला येतो! विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन हंगाम. आकाशकंदील लावायचा आणि आंबा कापायचा, डोकं चक्रावतं. चिरेबोन-इंद्रमायू भागातला गेडोंग गिंचू हा मी बाहेर खाल्लेल्यांत हापूसच्या सर्वांत जवळचा. लहान, गोलसर, देठाकडे लाली आणि वास खोलीभर. कच्च्या आंब्याचं रुजाक करतात, दगडी पाट्यावर ताडगूळ, मिरची, चिंच आणि कोळंबीचा खारट गोळा वाटून.

अढी

राजशाहीला एका प्रकल्पावर होतो. बांगलादेशात जिल्हा प्रशासन आंबे उतरवण्याच्या तारखा जाहीर करतं. आधी गोपालभोग, मग खिरसापात म्हणजेच हिमसागर, मग लंगडा आणि बराच नंतर थोरला फजली. कच्चा उतरवून औषधाने पिकवू नये म्हणून. गावातली मुलंसुद्धा तारखा पाठ म्हणतात. हिमसागर दूध-भातात कुस्करून खायला दिला. मी मनात म्हटलं, भातात आंबा? मग वाटी पुढे केली.

घोटांचं सासव

गोव्यातून. सगळं वाचलं, मजा आली, पण मीठ-आंबा, नारळ-आंबा याचं एवढं आश्चर्य का? आमच्याकडे घोटां, म्हणजे छोटे रायवळ, कोयीसकट सासवात पडतात. ओला नारळ, मोहरी, सुकी मिरची एकत्र वाटायची, गूळ-मीठ घालायचं आणि सोललेले आंबे त्यात सोडायचे. भाताशी खातात. कोय चोखल्याशिवाय ताट सोडायचं नाही. मानकुराद कोणी यात घालत नाही, तो नुसता खायचा.

नवशिकी

धागाकर्ते, तो भात पुण्यात करायचा तर तांदूळ कुठला? आंबेमोहोर चालेल का?

धागाकर्ता

नाही चालणार, इंद्रायणीही नाही. ते मऊ होतात, पण हा चिकटपणा वेगळा. परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानांत थाई चिकट तांदूळ मिळतो. कोणी आसामहून येणार असेल तर बोरा साऊल मागवा, तो छान होतो. किमान चार-पाच तास भिजवा, मोदकपात्रात ओलं पंचं घालून त्यावर वाफवा, कुकरला लावू नका. नारळाचा पहिला रस घ्या, साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका. वरच्या रसात मीठ घालताना हात आखडू नका. आंबा बेंगनपल्ली घ्या, अजून मिळतोय. मूगडाळ भिजवून पूर्ण कोरडी करून तळा, नाहीतर तेल उडतं. सांदणकडे पपनसाची अडचण आहे, तुमच्याकडे निदान ती नाही.