सिंहगडाची आठवण आजच्या लढाईत कामी येते का?

प्रश्न (निपाणी): बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत ४ फेब्रुवारीला सिंहगडाचा दिवस पाळतात. १६७० च्या त्या आठवणीचा आज उपयोग काय?

खानापूर: धडा आहे तो कड्याचा. पहारा ढिला तिकडूनच दोर लावून रात्री चढायचं. १९९९ ला टायगर हिलवरही जवान रात्री कड्यानेच गेले. उजेडात उघड्या उतारावर वरून मशीनगनचा मारा बसतो.

बेळगाव: मला १९६२ ची, चीनकडून झालेल्या पराभवाची जखम जास्त खोल वाटते. म्हणून तर १९७१ ला पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) लढायला हिवाळ्याची वाट पाहिली. डिसेंबरात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद, चीनची चिंता कमी.

खानापूर: पटलं. शिवाय पावसाळ्यात बंगालच्या चिखलात रणगाडे रुतले असते, तेही टळलं.