‘ताठरणे’, ‘थिजणे’ की ‘वाळणे’? काँक्रीटसाठी नेमका शब्द हवाय

प्रश्न : कुर्ल्यातल्या एका साइटवर लावायचा मराठी फलक लिहितोय. मूळ मजकुरात ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ असे दोन शब्द आहेत, मला दोन्हींसाठी ‘ताठरणे’च सुचतंय. ‘स्लॅब ताठरल्यावर पाणी मारावे’ चालेल? की सरळ ‘वाळल्यावर’ लिहू?

उत्तर १ : ताठरतं ते आधी वाकणारं असतं. मान, स्नायू, प्रेत, फार तर एखाद्याची भूमिका. पातळाच्या घट्ट होण्याला आपल्याकडे जिन्नसागणिक क्रियापद आहे : तूप थिजतं, रक्त साकळतं, बासुंदी आळते. (भेंडी निबर होते, पण ती कधी पातळ नव्हतीच.) थिजलेलं परत सुटतं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून जानेवारीत मुंबईतही बाटली उन्हात ठेवावी लागते. काँक्रीट परत सुटत नाही, तेव्हा ‘थिजणे’ही बाद.

उत्तर २ : ‘वाळल्यावर’ तर अजिबात नको. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होऊन होतं, पाण्याखालीसुद्धा होतं. ‘वाळू द्या’ वाचलं की पाणी मारणं थांबतं, मग वर बारीक भेगा पडतात, धूळ सुटते आणि ताकद कमी भरते.

दोन टप्पे वेगळेच ठेवा. सेट होणं म्हणजे माल हलेनासा होणं. सिमेंटच्या चाचणीत सुई किती रुतते त्यावरून ते ठरतं : सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये, शेवट १० तासांच्या आत व्हायला हवा. सेट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा कालवणं हा नेहमीचा घोळ. पक्कं होणं त्यानंतरचं. ७ दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, काँक्रीटची ग्रेड, म्हणजे ताकदीची प्रत, २८ दिवसांच्या ताकदीवर धरतात.

प्रश्नकर्ता : ‘सेट’ला मराठी शब्दच नको?

उत्तर १ : ‘दृढीभवन’ लिहा, कुणी वाचणार नाही. ‘आळणे’ जवळचं वाटेल, पण त्यात पाणी आटतं, म्हणजे ‘वाळणे’चीच चूक.

उत्तर २ : असं लिहा : ‘स्लॅब सेट झाल्यावर आळी करून पाणी साठवा. पक्का होण्यासाठी किमान ७ दिवस ओला ठेवा, पीपीसी सिमेंट असेल तर १० दिवस.’ (आळी म्हणजे पाणी अडवणारे छोटे बांध घालून केलेले चौकोन; पीपीसी म्हणजे पोझोलाना, बहुधा राख, मिसळलेलं सिमेंट.) कॉलमवर पाणी टिकत नाही, त्याला ओलं गोणपाट गुंडाळायची ओळही टाका.